एअर रायफलच्या छर्ऱ्यांची चाचणी: डबी निवडताना चुकतं कुठे

जिल्हा स्पर्धा महिन्यावर आली की आमच्या रेंजवर डब्यांची पारख सुरू होते. कुणी नागपूरहून तीन कंपन्यांच्या डब्या आणतं, प्रत्येकीतून पाच-पाच छर्रे मारतं, ज्या कार्डावर सगळ्यात लहान भोक दिसलं ती डबी पक्की ठरते आणि बापाच्या खिशातून वीस डब्यांचे पैसे जातात. दोन महिन्यांनी तोच पोरगा येऊन सांगतो, "सर, रायफल बिघडली वाटते." रायफल ठणठणीत असते.

हा घोळ मी स्वतःही घातलेला आहे, तो पुढे येईलच. आमची रेंज म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम, वर टिनपत्रे, खाली कोबा. इथं जमतं ते कुठंही जमेल. लेख १० मीटर एअर रायफलचा आणि ४.५ मिमीच्या चपट्या डोक्याच्या छर्ऱ्याचा आहे. फायर-आर्मची काडतुसं घरी भरून तपासण्याबद्दल काही जण विचारतात. परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे गुन्हा आहे, तो नाद सोडा. आणि छर्ऱ्याची बंदूक पाखरांवर किंवा शेतातल्या डुकरांवर "टेस्ट" करायची नाही, तिथं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागतो.

## आधी एक हिशेब: चाचणी तुमच्या कामाची आहे का?

हाताचा पसारा आणि छर्ऱ्याचा पसारा यांची सरळ बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची (स्क्वेअरची) होते आणि मग वर्गमूळ काढायचं. समजा उभं राहून मारताना तुमचा स्वतःचा ग्रुप, म्हणजे कार्डावर सगळे छर्रे जेवढ्यात पडतात तो पसारा, ८ मिमीचा आहे. ३ मिमी पसरणारा साधा छर्रा वापरला तर कार्डावर साधारण ८.५ मिमी दिसेल. दीड मिमीचा उत्तम, महागडा छर्रा वापरला तर ८.१ मिमी. दुप्पट पैसे मोजून पदरात पडलं अर्ध्या मिमीपेक्षा कमी.

दहाच्या ठिपक्याचा व्यास अवघा ०.५ मिमी असला तरी ४.५ मिमीचा छर्रा त्याला नुसता शिवला तरी दहा मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र ५ मिमीच्या वर्तुळात पडलं की झालं. ज्याचा हात २०-२५ मिमीत फिरतो त्यानं पुढचं वाचण्याआधी सहा महिने होल्डिंगचा सराव करावा. बरे छर्रे, एकच डबी, बस. ज्याचा ग्रुप आठ-दहा मिमीत यायला लागलाय त्याच्यासाठी पुढचे टप्पे.

## टप्पा १: डबी सांभाळून आणा, मग उघडा

छर्रा शिशाचा, त्याचा मागचा स्कर्ट कागदासारखा पातळ. नागपूर ते आमचं गाव मोटारसायकलच्या डिक्कीत, खड्ड्यांतून, अर्धी रिकामी डबी खळखळत आली की निम्मे स्कर्ट दबलेले निघतात. मग कंपनीला शिव्या. डबी अर्धी झाली असेल तर वर फोमची चकती कापून दाबून बसवा, आणि डबी डिक्कीत न टाकता पाठीवरच्या पिशवीत कपड्यांच्या घडीत ठेवा.

रेंजवर आल्यावर:

१. डबीमागचा लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा नंबर) वहीत उतरवा. डोक्याचं माप म्हणजे ४.४९, ४.५० असा आकडा असेल तर तोही. मॅच छर्रे साधारण ४.४८ ते ४.५२ मिमी अशा शंभरांश मिमीच्या फरकानं मिळतात. एकाच कंपनीचे ४.४९ आणि ४.५० हे चाचणीपुरते दोन वेगळे छर्रे समजायचे.

२. पांढऱ्या कागदावर पन्नासेक छर्रे ओता. स्कर्ट चेपलेले, डोक्यावर ओरखडा असलेले बाजूला काढा. जिनिंगच्या गोदामात कापसाचा तंतू हवेत असतोच. तो छर्ऱ्याला चिकटलेला दिसला तर मऊ ब्रशनं झटका. फुंकर मारू नका, थुंकी उडते.

३. वजन करत बसायचं का? पोरं सोनाराकडे जाऊन छर्रे तोलून आणतात. इथं थोडं गणित करू. मॅच रायफलमधून ०.५३ ग्रॅमचा छर्रा साधारण १७० मीटर प्रतिसेकंद वेगानं सुटतो आणि १० मीटरवर पोचेपर्यंत अंदाजे १८ मिमी खाली येतो. वजनात एक टक्का फरक असला तर वेग अर्ध्या टक्क्यानं बदलतो आणि कार्डावर फरक पडतो ०.२ मिमीच्या आसपास. तुमच्या हाताला तो कधीच कळणार नाही. तेवढा वेळ दबलेले स्कर्ट वेचण्यात घाला.

इशारा: छर्रे तोंडात धरायचे नाहीत. लहान पोरांना ही सवय हमखास असते. शिसं पोटात जातं. रेंजवरून निघताना साबणानं हात धुवायचे, त्याआधी चिवडा-समोसा काही नाही.

## टप्पा २: रायफल स्थिर आहे याची खात्री

छर्रा तपासण्याआधी बाकी सगळं न हलणारं असलं पाहिजे. स्टॉकचे बोल्ट, मागच्या आणि पुढच्या साइटचे (नेम धरायच्या भागांचे) स्क्रू हातानं हलवून पाहा. उन्हाळ्यात गोदामात पारा ४५ च्या वर जातो आणि लाकडी स्टॉकचा बोल्ट महिनाभरात ढिला झालेला मी पाहिलाय.

पीसीपी रायफल (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) असेल तर सिलिंडरकडे लक्ष. वैधतेची तारीख बघा. दहा वर्षांपलीकडचा सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि वापरूही नये. हवा सावकाश भरा, भरताना सिलिंडर तापतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटं थांबून मग दाब वाचा. ऑक्सिजनच्या बाटल्यातून भरायचा विचारही नको, स्फोट होतो. भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका: २५ अंशांवर २०० बार भरलेला सिलिंडर ६० अंशांवर गेला की आतला दाब २२० च्या वर चढतो.

चाचणीचे सगळे छर्रे एकाच दाबपट्ट्यात मारायचे. आम्ही १८० ते १२० बार धरतो. काटा खाली गेला की थांबून भरायचं.

नळी घाण असेल तर फेल्टच्या गोळ्यांनी कोरडी पुसा. स्प्रिंगच्या रायफलमध्ये तेल टाकू नका; आत तेल गेलं की ते दाबानं पेटतं, फटका मोठा येतो आणि छर्रे वरखाली उडतात.

## टप्पा ३: गोदाम, उजेड, कार्ड

टेपनं मोजून १० मीटर. पावलं मोजून नाही. टार्गेटचं केंद्र जमिनीपासून १.४० मीटर. टार्गेटवरचा दिवा एकसारखा हवा. चाचणीच्या मध्येच वीज गेली आणि इन्व्हर्टरच्या पिवळट बल्बवर पुढचे ग्रुप मारले तर ते ग्रुप फेका.

आता आमच्याकडचा खास शत्रू: कूलर. मे महिन्यात त्याच्याशिवाय गोदामात दहा मिनिटं बसवत नाही. पण त्याचे दोन त्रास आहेत. झोत छर्ऱ्याच्या वाटेत आडवा आला तर ३ मीटर प्रतिसेकंदाचा वाराही छर्ऱ्याला काही मिलिमीटर ढकलतो, आणि एक रिंग म्हणजे फक्त अडीच मिमी. दुसरा त्रास जास्त चोरटा आहे. कूलरच्या ओलाव्यानं टार्गेटचं कार्ड मऊ पडतं, भोकाच्या कडा फाटून लोंबतात आणि व्हर्नियर कुठं लावायचा तेच कळत नाही. कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा, एकेक काढा. शक्यतो चाचणी सकाळी सहा ते नऊ या वेळेत, कूलर बंद ठेवून उरका.

तपासा: टार्गेटमागे तिरपी लोखंडी पाटी असलेली पेटी आहे का? दरवाजाला आतून कडी लावली का? सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा आहे का? कार्ड बदलायला कुणी पुढे गेलं की रायफल उघडी, रिकामी, नळीत रंगीत दोरा. या चारपैकी एकही "नाही" असेल तर पुढे जायचं नाही.

## टप्पा ४: टेकण

उभं राहून छर्ऱ्याची चाचणी होत नाही. तुम्ही स्वतःलाच तपासता. मशीनचा व्हाइस (रायफल पकडणारा शिकंजा) असलेली रेंज मिळाली तर सोन्याहून पिवळं. नसेल तर मजबूत टेबल आणि वाळूच्या दोन पिशव्या.

पिशव्या जुन्या जीन्सच्या पायाच्या शिवा, वाळू चाळून घ्या. एक पुढे, एक बटखाली. पीसीपीचं टेकण स्टॉकच्या पुढच्या लाकडावर, ॲक्शनच्या जवळ. नळीवर किंवा सिलिंडरवर कधीच नाही. टेकणाच्या जागी स्टॉकवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि प्रत्येक फायरला तीच रेघ पिशवीच्या कडेवर आणा. ही टेप दोन रुपयांची आहे, पण ग्रुप हमखास आवळते.

स्प्रिंगची रायफल असेल तर नियम उलटा. आत पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते, पिस्टन थडकला की पुढे जाते, आणि हे सगळं छर्रा नळीत असतानाच. घट्ट धरली, पिशवीवर दाबली किंवा शिकंज्यात आवळली की तिचं उसळणं दर वेळी वेगळं होतं. पिशवीवर स्वतःचा तळहात ठेवा, त्यावर रायफल हलकी झोपवा, खांद्यालाही नुसती टेकवा. गोठ्यात वासराला हात लावतो तसा, धरून ठेवायचं नाही.

साइटचे क्लिक, म्हणजे नेम सरकवायचे खटके, आता विसरा. ग्रुप काळ्यात आहे की पांढऱ्यात याच्याशी आज काही देणंघेणं नाही. मध्येच क्लिक फिरवणारा माणूस माझ्या रेंजवर त्या दिवसाची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करतो.

तपासा: ओळखीच्या एका डबीतले दहा-दहा छर्ऱ्यांचे दोन ग्रुप मारा. दोन्ही ढोबळमानानं सारखे आले तरच पुढे. एक दुसऱ्याच्या दुप्पट आला तर टेकण किंवा स्क्रू चुकतोय, छर्रा नाही.

## टप्पा ५: नळीला नव्या छर्ऱ्याची सवय

प्रत्येक छर्रा नळीत शिशाचा आणि वंगणाचा एक पातळ थर सोडतो. डबी बदलली की आधीच्या थरावर नवा छर्रा चालतो आणि पहिले काही फटके भलतीकडे जातात. म्हणून डबी बदलताना दहा छर्रे कार्डाविना, मोजणीविना सोडा. फेल्टनं नळी पुसली असेल तर वीस-तीस.

मीच केलेली चूक इथली. एका उन्हाळ्यात तीन डब्या एकामागून एक तपासल्या. पहिली मारली ती नुकत्याच पुसलेल्या नळीतून. दुसरी तिच्यामागून लगेच. तिसरीपर्यंत नळी जमली होती, माझा हातही जमला होता. अर्थातच तिसरी "सर्वोत्तम" ठरली आणि मी वीस डब्या मागवल्या. पावसाळ्यात पुन्हा नीट तपासलं तेव्हा तीच तिघींत मागे होती. दुकानदारानं परत घेतल्या नाहीत, आणि त्यात त्याचं काहीच चुकलं नाही.

## टप्पा ६: मारण्याचा क्रम

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून सावकाश वाचा.

समजा अ, ब, क अशा तीन डब्या आहेत. अचे सगळे, मग बचे, मग कचे असं मारायचं नाही. दिवस चढतो तसं गोदाम तापतं, डोळा थकतो, दाब उतरतो. याचा सगळा भार शेवटच्या डबीवर पडतो. क्रम असा ठेवा:

१. पहिला दिवस: अ, ब, क, मग उलट क, ब, अ.

२. दुसरा दिवस: क, ब, अ, मग अ, ब, क.

प्रत्येक वेळी दहा छर्ऱ्यांचा एक ग्रुप, प्रत्येक ग्रुपला नवं कार्ड. डबी बदलली की मधले दहा सवयीचे. दिवसाला साठ मोजलेले आणि पन्नासेक सवयीचे, म्हणजे एकशेदहा छर्रे. तास-दीड तासाचं काम. दोन दिवसांत प्रत्येक डबीचे चार ग्रुप हाती येतात.

छर्रे कोणत्या डबीचे हे मारणाऱ्याला कळू नये. सोबत्याला थंड पेयाच्या बाटलीची झाकणं द्या, त्यात दहा-दहा छर्रे मोजून ठेवायला सांगा, कार्डाच्या पाठीवर खूण त्यानंच करायची. आपल्याला महागड्या डबीचा छर्रा हातात आहे हे ठाऊक असलं की आपण नकळत जास्त जपून ट्रिगर दाबतो.

दहाच का, पाच का नाही? गेल्या वर्षी दारव्ह्याकडच्या एका पोरानं कार्ड नाचवत आणलं. पाचही छर्रे एका भोकात.

"सर, आता काहून मारू अजून? हेच घेतो नं मी!"

"अरे, त्याच डबीतून अजून तीन कार्डं मार. मंग बोलू."

दुसरं कार्ड पहिल्याच्या दीडपट, तिसरं मधलं, चौथं दुसऱ्याहून मोठं. डबी तीच, रायफल तीच, पोरगा तोच. पाच छर्ऱ्यांचा ग्रुप असाच लहरी असतो. एकाच डबीतून सरासरीच्या निम्म्यापासून दीडपटीपर्यंत काहीही येऊ शकतं. आणि दहाचा ग्रुप पाचच्या ग्रुपपेक्षा सरासरी पाव हिश्शानं मोठा येतोच, तेव्हा पाचवरून दहावर आलात आणि भोक मोठं दिसलं तर डबी बिघडली असं समजू नका. पाचच्या आकड्याची दहाच्या आकड्याशी तुलना करायची नाही.

एखादा छर्रा लांब पडला तर? "तो माझ्या हातून गेला" असं कार्ड पाहिल्यावर म्हणायचं नाही. ट्रिगर सुटताक्षणी, दुर्बिणीला डोळा लावण्याआधी सोबत्याला "गेला" म्हटलं असेल तरच तो वेगळा लिहा आणि त्या जागी एक जादा मारा. नाहीतर तो मोजणीत राहतो. चांगल्या डबीतूनही शंभरात एखादा वाकडा निघतो, आणि स्पर्धेत तो वगळायला कुणी तयार नसतं.

## टप्पा ७: मोजणी

व्हर्नियरनं ग्रुपच्या सगळ्यात लांबच्या दोन बाहेरच्या कडा पकडा. त्यातून एका छर्ऱ्याचं भोक वजा करा म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर मिळतं. इथं सरसकट ४.५ वजा करतात. कार्डाला पडलेलं भोक त्याहून थोडं लहान असतं. त्याच कार्डाच्या कोपऱ्यात एक छर्रा वेगळा मारून ठेवा आणि त्याचंच माप वजा करा. बाहेरून ६.४ आणि एकटं भोक ४.२ भरलं तर ग्रुप २.२ मिमी. ओलसर कार्ड आधी सावलीत वाळवा.

मोबाईलनं फोटो काढून मोजायचा असेल तर कार्डाशेजारी पट्टी ठेवा आणि फोन अगदी समोर धरा. तिरपा फोटो ग्रुप लांबट करतो.

## टप्पा ८: निकाल कसा लावायचा

समजा वहीत असं आलं. अ: २.१, २.६, २.०, २.५. ब: १.६, ३.१, २.२, २.५. क: ३.०, ३.४, २.९, ३.५.

बघणाऱ्याचा डोळा बच्या १.६ वर जाऊन बसतो. तेच कार्ड पाकिटात ठेवून गावभर दाखवलं जातं. सरासरी काढा: अ २.३, ब २.३५, क ३.२. अ आणि ब यांत काडीचा फरक नाही. कचा चांगल्यात चांगला ग्रुपसुद्धा अच्या वाईटात वाईट ग्रुपपेक्षा मोठा आहे, म्हणून क बाद, यात शंका नको. अ आणि बमधून जी स्वस्त आणि त्याच लॉटची भरपूर मिळेल ती घ्या. माझा कल अकडे, कारण तिचे चारही आकडे जवळजवळ आहेत. पण चार ग्रुपांवरून हे छातीठोक सांगता येत नाही. पैसे आणि वेळ असेल तर दोघींचे आणखी चार-चार ग्रुप मारा.

सगळ्या डब्या चार मिमीच्या पुढे फेकत असतील तर डब्या बदलणं थांबवा आणि टप्पा २ वर परत जा.

## टप्पा ९: खरेदी

रोज साठ छर्रे, वर्षातले अडीचशे दिवस म्हणजे पंधरा हजार. ५०० च्या डबीनं तीस डब्या. पैसे देण्याआधी दुकानदाराला लॉट नंबर वाचून दाखवा आणि प्रत्येक डबी उलटी करून बघा. "तेच आहे जी, नंबर काय बघता" यावर पैसे देऊ नका. लॉट वेगळा म्हणजे तुमच्या दोन दिवसांच्या मेहनतीचा त्या डबीशी संबंध नाही. फोनवरून मागवत असाल तर डबीच्या पाठीचा फोटो आधी मागा. तीस डब्यांचे पैसे एकदम नसतील तर दोघा-तिघांनी वर्गणी काढून एकाच लॉटच्या डब्या उचला, मात्र रायफली वेगळ्या असतील तर प्रत्येकाची चाचणी वेगळी.

घरी कूलरच्या खोलीत ठेवू नका; ओलाव्यानं शिशावर पांढरी पूड धरते. कोरड्या खोलीत, लोखंडी कपाटात, मूळ डबीत.

पुढच्या वर्षी नवा लॉट घ्यावा लागणारच. तेव्हा तुलनेला जुन्या लॉटची एक न फोडलेली डबी लागते. आमच्या कपाटात वरच्या फळीवर अशी एक डबी आहे, झाकणाभोवती टेप मारलेली, वर मार्करनं लिहिलंय: "मापाची आहे. हात लावायचा नाही." तरीही दर दिवाळीत कुणीतरी विचारतंच, "सर, ही भरलेली डबी अशीच पडून आहे, घेऊ का?"